पहिला घास नणंदेच्या हातून भरवू देण्याबाबत

दिनांक : २१ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
झाडीपट्टी सार्वजनिक रुग्णालय,
बल्लारपूर मार्ग, जि. चंद्रपूर.

विषय : अतिदक्षता विभागातील रुग्ण श्री. भैयाजी बोरकुटे यांना तोंडाने पहिला घास भरवण्याची परवानगी पत्नीऐवजी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावे करून मिळणेबाबत.

संदर्भ : याच बहिणीस वॉर्डात पाऊल ठेवू देऊ नये, अशी अर्जदाराने आपणांस जिन्यात गाठून केलेली तोंडी विनंती.

महोदय,

वरील विषय आणि वरील संदर्भ एकमेकांच्या अगदी उलट आहेत, हे अर्जदारास ठाऊक आहे. मधल्या काळात काय घडले ते समजल्याशिवाय आपणांस निर्णय घेणे अवघड जाईल, म्हणून सविस्तर निवेदन करण्यात येते.

अर्जदार सौ. मनकर्णा भैयाजी बोरकुटे, मु. मोहबोडी, ही निवृत्त अंगणवाडी सेविका आहे. रुग्ण हे तिचे पती. धानाची शेती करतात आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत राजाचे काम करतात. आवाज असा की शेताच्या धुऱ्यावरून नुसते खाकरले तरी धानाच्या बांधीतल्या बाया निंदण थांबवून वर पाहत. यंदा निंदण चालू असतानाच ते धुऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत. उजवे अंग गेले, मागून न्यूमोनिया झाला. आपल्या डॉक्टरांनी त्यांना श्वासाच्या मशीनवरून सुखरूप बाहेर काढले. सबब प्रस्तुत अर्जातील कोणतीही तक्रार रुग्णालयाविरुद्ध नाही. तक्रार घरचीच आहे.

मशीन निघाली तरी तोंडाने काही द्यायचे नाही असे सांगण्यात आले. दिव्यानी सिस्टरांनी अर्जदारास समजावले की घशात अन्नाची वाट आणि श्वासाची वाट शेजारी शेजारी असते. आपण गिळतो तेव्हा श्वासाचे दार आपोआप लागते. भैयाजींचे हे दार लकव्याने सुस्त झाले असून घास निघून गेल्यावर लागते. तोवर घास फुफ्फुसात उतरलेला असतो. म्हातारपणी आणि आजारपणात कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही, म्हणजे चोर घरात शिरला तरी कुत्रे भुंकत नाही. म्हणून नाकातून नळी, डोक्याकडून खाट उंच, आणि नळीतून दूध गेल्यावरही बराच वेळ तसेच बसवून ठेवणे. अर्जदारास हे पटले. परंतु पटवून घेणारी ती एकटीच निघाली.

नणंद श्रीमती कमळाबाई या बल्लारपूरला राहतात. आई लवकर गेल्यामुळे भैयाजींना त्यांनी कडेवर घेऊन वाढवले, हे सर्व नातेवाइकांना माहीत आहे, आणि ज्यांना नव्हते त्यांना आपल्या व्हरांड्यात माहीत झाले. त्या पहिल्या दिवशी आल्या, भावाच्या नाकातली नळी पाहिली, आणि अर्जदाराकडे वळून म्हणाल्या, "नाकानं कोणी जेवते काय वं? तू उभी राहून पाहून राह्यली, तुले काईच वाटत नाई?"

अर्जदाराने दार, वाट, फुफ्फुस असे सगळे सांगून पाहिले. अंगणवाडीत अडाणी म्हणवणाऱ्या आयांना तिने लसीचे महत्त्व पटवले आहे. परंतु नणंदेपुढे तिची वाचा बसते. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या पुढ्यात 'नाई' हा शब्द तिच्या तोंडून निघालेला नाही. बोरकुट्यांच्या घरात तशी रीतच नाही.

त्यानंतर भेटीच्या वेळेत जे प्रकार झाले ते थोडक्यात असे. एकदा चहाच्या थर्मासमधून तांदळाची पेज आली. ती फाटकावरच्या शिपायाने पकडली. दुसऱ्या खेपेस देवाचा प्रसाद म्हणून शिरा आला, आणि प्रसाद हा जेवणात धरत नाहीत असा मुद्दा नणंदबाईंनी सिस्टरांपुढे इतक्या तळमळीने मांडला की शेजारच्या खाटेवरील सोनीबाईंच्या मुलाने, दिनेशने, त्यांच्या बाजूने साक्ष दिली. पुढे त्यांनी भावाच्या ओठाला नुसते तूप लावते असे सांगून तुपाचे बोट तोंडात नेले. सिस्टरांनी हात धरला तेव्हा म्हणाल्या, "बाई, तू जन्मली नव्हती तेव्हापासून मी याले चारून राह्यली."

इकडे व्हरांड्यात सतरंजीवर बसलेल्या दीर, जावा, भाचे, व्याही यांची रोज बैठक होई. नवऱ्याला उपाशी ठेवणारी बाई म्हणून अर्जदाराकडे बोट दाखवण्यात येई. दीर नथ्थू यांनी तर, "वहिनीनं अंगणवाडीत खिचडी मोजून वाढली ना, तेच वळण पडलं," असे उद्गार काढले. ते अर्जदाराच्या वर्मी लागले, हे येथे मुद्दाम नमूद करण्यात येते.

म्हणून अर्जदाराने आपणांस जिन्यात गाठले आणि नणंदबाईंना वॉर्डात मनाई असल्याचा गोल शिक्क्याचा कागद मागितला. सून नाही म्हणू शकत नाही, पण शिक्का म्हणू शकतो, एवढाच त्यामागचा विचार होता. आपण हसून म्हणालात, "मावशी, हा घरचा मामला आहे, घरातच मिटवा." आपले म्हणणे वाजवी होते. पण साहेब, घरात मिटण्याजोगा मामला असता तर अर्जदार जिन्यात कशाला उभी राहिली असती?

दुसऱ्याच दिवशी अर्जदार औषध आणण्यास खाली गेली होती आणि सिस्टर समोरच्या रुग्णाकडे होत्या. नणंदबाईंना वाटले, बसून बसून भावाची पाठ दुखत असेल. त्यांनी हँडल फिरवून खाट सपाट केली. मग ओच्यातून वाटी काढली आणि पेजेचे काही चमचे त्यांच्या तोंडात घातले. भैयाजींनी गिळले. ठसका नाही, खोकला नाही. अर्जदार वर आली तेव्हा नणंदबाईंचा चेहरा असा फुलला होता की तिला रागावताही येईना. "पाह्य," त्या म्हणाल्या, "खाल्लं ना माह्या भावानं? काई झालं काय?"

सिस्टरांनी धावत येऊन खाट उंच केली आणि भैयाजींना हाक मारायला लावली. आवाज निघाला तो पाण्यात बुडाल्यासारखा, घुरघुरता. दुपारनंतर श्वास लागला, ओठ निळे पडू लागले. घशातून नळी घालून ओढले तेव्हा पांढरी पेज बाहेर आली. ती नणंदबाईंनी काचेतून पाहिली. खाली बसल्या आणि पदराने आपलेच दोन्ही हात पुसत राहिल्या, हात कोरडे होते तरी.

पुढचे दिवस वाईट गेले. पुन्हा मशीन लागते की काय, अशी वेळ होती. ज्यांनी बैठकीत बोटे दाखवली ते आता नणंदबाईंकडे बोट दाखवू लागले. तेव्हा अर्जदारास त्याचा आनंद वाटायला हवा होता, पण तो वाटला नाही. भाऊ मरावा म्हणून कोणी पेज शिजवीत नाही. अर्जदार त्यांच्याशेजारी जाऊन बसली. नणंदबाई एवढेच म्हणाल्या, "मनकर्णे, मले मारून टाकावं वाटून राह्यलं असंन तुले."

भैयाजी सावरले. ताप उतरल्यावर दिव्यानी सिस्टर स्वतः व्हरांड्यात आल्या. त्यांनी कोणालाही दरडावले नाही. नणंदबाईंना म्हणाल्या, "आजी, मान मागं टाका, आढ्याकडे पाहा अन् थुंकी गिळून दाखवा." नणंदबाईंना ते जमेना. "आता हनुवटी छातीकडे घ्या अन् गिळा." लगेच जमले. त्यांनी पुन्हा मान वर केली, पुन्हा खाली केली. मग नणंदबाईंनी सगळ्या नातेवाइकांना तेच करायला लावले. साहेब, त्या संध्याकाळी आपल्या व्हरांड्यात बोरकुटे घराण्यातली सर्व वडील माणसे माना वर करून, कोंबड्या पाणी पितात तशी, गिळण्याचा प्रयत्न करीत होती. नथ्थू भाऊजी सर्वांत जास्त वेळ अडकले. अर्जदारास कित्येक दिवसांनी हसू आले.

तेव्हापासून नणंदबाईंचे जे झाले आहे ते आपणांस ठाऊक असेलच. त्या अतिदक्षता विभागाहून अधिक दक्ष झाल्या आहेत. खाट जराशी खाली दिसली की शिपायाला नावाने हाक मारतात. दिनेश आपल्या आईसाठी चहात बुडवलेले बिस्किट घेऊन आला तर त्यांनी कप काढून घेतला आणि, "ते दार उशिरा लागते ना बावा!" असे ओरडल्या. सोनीबाईंचे दार उत्तम आहे, त्या छातीच्या दुखण्यासाठी दाखल आहेत, हे डॉक्टरांनी सांगूनही कप परत मिळाला नाही. आणि मागील आठवड्यात आपण राउंडनंतर समोसा खात खात फोनवर बोलत होतात, तेव्हा आपणांस खुर्चीवर बसवून, "सायेब, घास तोंडात अन् बोलणं चालू, असं नाई जमत," असे ज्यांनी सुनावले त्या याच. त्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. आपण बसून, न बोलता समोसा संपवलात, हा आपला मोठेपणा.

आता मुख्य मुद्दा. गिळण्याची तपासणी करणाऱ्या मयुरी मॅडमनी काल सांगितले की भैयाजी आता पूर्ण जागे असतात, खोकला जोरदार आहे, गिळणे सुधारले आहे. सरळ बसवून, घट्ट केलेले वरण, अर्धा छोटा चमचा, एकेक करून सुरू करता येईल. भरवणाऱ्या एकाच नातेवाइकाला त्या शिकवतील आणि पहिल्यांदा स्वतः जवळ उभ्या राहतील. त्यासाठी अर्जदाराचे नाव लावण्यात आले आहे.

हे ऐकून नणंदबाई उठून पार फाटकापर्यंत निघून गेल्या. त्यांचे म्हणणे, नळीच बरी, जन्मभर राहू द्या. आपला हात त्या आता भावाला लावतच नाहीत. भावाच्या अंगावरची चादरसुद्धा दुसऱ्याकडून सारखी करून घेतात. अर्जदाराने पहिला घास भरवला तर भैयाजी जेवतील, पण नणंदबाईंचा हात असाच राहील. नवरा बरा होऊन घरी यायचा आणि त्याची बहीण त्याला पाण्याचा पेला द्यायला भ्यायची, असे घर अर्जदारास नको आहे.

तरी सदर परवानगीतून अर्जदाराचे नाव वगळून श्रीमती कमळाबाई यांचे नाव घालावे. मॅडमच्या शिकवणीत त्यांच्याइतकी काटेकोर व्यक्ती आपल्या रुग्णालयास मिळणार नाही, याची अर्जदार हमी देते. या अर्जाविषयी नणंदबाईंना कल्पना नाही. कृपया विचारू नये, त्या नाही म्हणतील.

आपल्याच व्हरांड्यात तूर्त मुक्कामी असलेली,
आपली विनम्र,
मनकर्णा भैयाजी बोरकुटे

ता. क. : आपण बैठकीस गेल्याने हा अर्ज टेबलावरच राहिला, आणि दरम्यान मयुरी मॅडम वरणाची वाटी घेऊन आल्या. त्यांनी चमचा अर्जदाराकडे केला. अर्जदाराने तो नणंदबाईंच्या हातात दिला. "मी नाई," त्या म्हणाल्या, "माह्या हातानं नाई. तूच दे." अर्जदार म्हणाली, "नाई बाई. तुमीच." मॅडमनी दोघींकडे पाहिले आणि नणंदबाईंना पुढे येण्याची खूण केली.

नणंदबाई समोर खाली बसल्या, त्यामुळे भैयाजींची हनुवटी आपोआप खाली आली. अर्धा चमचा गेला. त्यांनी गिळले, मॅडमच्या सांगण्यावरून पुन्हा गिळले. मॅडमनी घशावर बोट ठेवले, तोंड उघडून पाहिले आणि आवाज काढायला सांगितले. आवाज स्वच्छ निघाला. असे मोजके घास झाले आणि मॅडमनी वाटी बाजूला ठेवली. तेव्हा भैयाजींनी वाटीकडे पाहिले आणि आजारपणातला पहिला सबंध शब्द उच्चारला. "आखीन."

"आज एवढंच," नणंदबाई म्हणाल्या. "जास्त नाई मिळत." आणि चमचा धरून तशाच रडत बसल्या.

सबब वरील विनंतीत अंशतः बदल करून, झालेल्या घासांना कार्योत्तर मंजुरी मिळावी, ही विनंती.