राज्य माझ्यावर न्हाई

११ मे, सकाळी
मोबाईल लई वाईट. हे मी मोबाईललाच सांगून लिहून घेतेय, कारण मला अक्षर येत न्हाई आन त्याला येतं. कामापुरता मोबाईल वेगळा.
थोरल्या लेकाची, सुनीलची पोरं, सृष्टी आन ओंकार, पुण्याहून सुट्टीला आली. पाया पडायला वाकावं लागलं न्हाई. मोबाईल बघून बघून आधीच वाकलेली हुती.
ठरवलं. ही माघारी जायच्या आत माझ्यासंगं अंगणात खेळणार. सोपं हाय.

१२ मे
सागरगोटे काढले. ओंकारनं इचारलं, हे चार्जिंगवर हायत का. सृष्टीला लंगडी घालायला जिबलीची घरं आखून दिली. तिनं फोटो काढला आन आत गेली. फोटो चांगला आलाय म्हणे. सुरुवात झाली म्हणायची.

१३ मे, जेवणानंतर
पोरांना सांगितलं, खर्ड्यात, माझ्या माहेरी, लपंडावात सगळ्यांवर राज्य यायचं, माझ्यावर एकदाबी आलं न्हाई. धाकटी सून रुपाली म्हणली, आई, इथंबी तुमच्याशिवाय कुणाचं राज्य आलंय व्हय. कौतुकच करत असंल.
सृष्टीनं पैज लावली. साक्षीदार आणून खरं करून दाखवलं, तर दोघांचे मोबाईल माझ्या पेटीत आन रोज अंगणात खेळ. हरले तर मोबाईलबद्दल मी एक अक्षर काढायचं न्हाई. म्हटलं, अक्षर मला तसंबी येत न्हाई.
लगेच कर्जतला थोरल्या बहिणीला, कडूअक्काला, फोन लावला. तिच्यासारखी साक्ष न्हाई. निम्म्या वेळा राज्य तिच्यावरच असायचं. पेटीतली लुगडी सरकवून मोबाईलांना जागा केली.

१५ मे, दुपारी
अक्का एसटीनं आली. पाणी पिऊ दिलं आन साक्षीला बसवली. सगळ्यांदेखत इचारलं, अक्का, माझ्यावर कधी राज्य आलं हुतं का?
"कसं यील?" अक्का म्हणली. "तू कच्चं लिंबू हुतीस बने. आईची ताकीदच हुती, हिला खेळाय घ्या पर धरू नका, न्हाईतर गळा काढती. तू लपलीस तरी तुला कुणी हुडकायचं न्हाई."
कच्चं लिंबू ओंकारला ठाऊक हुतं. त्यांच्या सोसायटीत एक हाय म्हणे. अंगणवाडीत जातं.

१५ मे, जरा वेळानं
अक्काचं वय झालंय. तिला आठवत न्हाई.

१५ मे, चहा झाल्यावर
तिला आमच्या तवाच्या बैलांची नावं आठवतात, ते वेगळं.
पर मी चिंचेमागं अंधार पडंपर्यंत बसायची. मला वाटायचं, काय जागा सापडलीय.

१७ मे
हरले ती हरले. सृष्टीला म्हटलं, मोबाईलचं काय बोलत न्हाई, पर एकदा माझ्यावर खरंखुरं राज्य यू द्या. ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. मग उठली.
"चल आज्जी. राज्य तुझ्यावर."
बाभळीकडं तोंड करून डोळं मिटलं. शंभर मला येत न्हाईत, म्हणून पाच ईस मोजले. आमच्यात शंभर असेच हुतात. गोठा बघितला, कडब्याची गंज बघितली, न्हाणी बघितली. गुडघा बोलत हुता, मी ऐकलं न्हाई. शेवटी शेजारच्या मच्छिंद्रच्या टेम्पोत ताडपत्रीखाली उजेड दिसला. दोघं मोबाईल घेऊन बसलेली. पैज हरलेली, त्यामुळं त्यावर तोंड उघडता यीना. नुसतं वरडले, सृष्टी इस्टॉप, ओंकार इस्टॉप.
ओंकार मान न उचलता म्हणला, "आज्जी, कच्च्या लिंबानं बघितलेलं धरत नाहीत."
सृष्टीनं त्याला कोपर मारलं आन मोबाईल खिशात घातला. म्हणली, आज्जी, उद्या परत मोज, खरं लपतो. आता ती माझ्या हाताखाली तयार हुतीय.

१८ मे, रविवार
सुनील सकाळीच न्यायला आला. पिशव्या भरंपर्यंत एक डाव म्हणून मी बाभळीकडं तोंड केलं. चौथ्या इसाला आले तवर गाडीचा आवाज आला. त्यांना ऊन चढायच्या आत निघायचं हुतं. सृष्टी काचेतून वरडली, आज्जी, राज्य तुझ्यावरच हाय.
म्हंजी ते कुणी घेतलं न्हाई. दिवाळीपर्यंत माझंच. येवढं लांब राज्य खर्ड्यात कुणाचं चाललं नसंल.
रुपाली म्हणली, आई, पोरं गेली, घरात चला.
म्हटलं, थांब, पाचवा ईस ऱ्हायलाय.