विलायती पुराणातलं दार

तळा,
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

प्रिय पूनमताई,

राहीचा नमस्कार, आणि तोही कान धरून. ओंकारभावोजींना नमस्कार, सदाकाकांना तर शुक्रवारपासून दोन नमस्कार. प्राप्तीचा गालगुच्चा घे. तिचा फोटो मी तुझ्या मैत्रिणीच्या, रुचिताच्या मोबाईलवर बघते, हे रुचिताला माहीत आहे आणि आता तुलाही.

इकडे सगळं ठीक. भात पोटरीला आलंय. आईचा गुडघा तिला हवा तेव्हाच दुखतो. मी अजून मुंबईहून दर शनिवारी घरी येते आणि पीएचडी अजून संपलेली नाही. गाव विचारतं, "एवढी वर्षं काय वाचतंस गो?" मी म्हणते, गोष्टी. त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

पत्र बघून दचकू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला सहा वर्षांपूर्वी ब्लॉक केलंस, बरंच केलंस, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आणि जे सांगायचंय ते फोनवर माझ्याने झालं नसतं. निम्म्यात मला हसू आलं असतं आणि उरलेल्या निम्म्यात रडू.

तर, आम्ही हरलो! अकरा वर्षांनी शक्तीवाले हरले, तेही तुमच्या बोर्लीच्या मंडपात, भर दुपारी, तुझ्या सासऱ्यांकडून, सदाकाकांकडून. तुला घरबसल्या कळलंच असेल. पण मंडपात नेमकं काय झालं ते सदाकाकांना दिसलं तेवढंच त्यांनी सांगितलं असणार. उरलेलं माझ्याकडून ऐक.

माझ्या गाईडबाईंना हा प्रकार समजावताना मला घाम फुटला होता. गौरी-गणपतीत आमच्याकडे नाच असतो, एका पायात चाळ बांधून पोरं रिंगणात फिरतात, मध्ये शाहीर गातो. एक बाजू शक्तीवाल्यांची, ते देवीला थोर मानतात. दुसरी तुरेवाल्यांची, ते शंकराला. एकाने पुराणातलं कोडं गाण्यातून घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचं, आणि पंच मागतील तर पोथीचा आधार दाखवायचा. बाई म्हणाल्या, "म्हणजे तुझे वडील प्रतीकांवर जाहीर वाद घालतात? मग तू माझ्याकडे काय शिकायला आलीस?" आप्पा काय करतात ते तोवर मलाच ठाऊक नव्हतं.

आता आपलं ते पुस्तक आठव. आप्पा सुपाऱ्या पाडायला दिवेआगरला जायचे, तिथल्या एका घरी कुणी पाहुणा टाकून गेलेलं इंग्रजी पुस्तक रद्दीत निघालं होतं. आप्पांना एक अक्षर कळत नव्हतं. मुखपृष्ठावर समुद्राच्या भिंतीत एक पांढरं दार होतं, ते आवडलं म्हणून त्यांनी आणलं. तू नववीत, मी सहावीत. भाताच्या कणगीच्या मागे बसून तू डिक्शनरी घेऊन वाचायचीस आणि मला मराठीतून सांगायचीस. दीपस्तंभावरची मुलगी, तिचा बोलका बगळा, सात वर्षं न संपणारा हिवाळा, आणि दारापलीकडे अडकलेला वसंत. शंभर सरदार दार ढकलून थकतात, मग ती पोर पुढे होते. आणि तिथेच पुस्तक संपलं! शेवटची सोळा पानं कुणीतरी भेळ बांधायला वापरली होती.

मी दोन दिवस जेवले नाही. मग तूच शेवट केलास. तो तुझ्या लक्षात आहे हे मला शुक्रवारी कळलं. आप्पा तेव्हा ओटीवर चाळांचे घुंगरू ओवत बसले होते. आपल्याला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

त्या पुस्तकानेच मला या नादाला लावलं. विसाव्या शतकातले असल्या गोष्टी लिहिणारे इंग्रज लेखक दोन महायुद्धं बघून बसले होते. पोरं, मित्र, भाऊ गेलेले. जे सरळ बोलवेना ते त्यांनी झाडांच्या, दिव्यांच्या, न संपणाऱ्या हिवाळ्यांच्या तोंडून बोलायला घेतलं, त्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांच्या दंतकथा खणून काढल्या. मी हे तीन प्रकरणांत तळटीपांसकट लिहिलंय. मुंबईच्या लायब्ररीत मला आपलं पुस्तक अख्खं सापडलं, त्या सोळा पानांसकट. खरा शेवट असा, की मुलगी मेलेल्या राजाचं विसरलेलं नाव मोठ्याने घेते आणि दार धुक्यासारखं विरून जातं. त्यावर माझी चाळीस पानं आहेत. गाईडबाई खूश आहेत.

जुलैत भाताची लावणी उरकून आप्पा ओटीवर टेकले आणि म्हणाले, "राही, त्या दाराची गोष्ट सांग." मी हरखलेच. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी माझ्या अभ्यासाबद्दल विचारलं! मी प्रतीक, दंतकथा, महायुद्ध सगळं ओतलं आणि राजाच्या नावापाशी आले. आप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "ह्ये न्हाय." मी म्हटलं, अहो, छापलंय तसं. "छापलं आसंल. ह्ये न्हाय," असं म्हणून गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. मी फुगून बसले.

तर शुक्रवार. रात्री लाईटचा भरवसा नाही म्हणून सामना दुपारी ठेवला होता. मी आप्पांबरोबर आले होते, पिशवीत आपलं ते फाटकं पुस्तक घेऊन, कारण "आधार लागंल" असं त्यांनी बजावलं होतं. गण झाला, गौळण झाली. सदाकाकांनी दोन कोडी घातली, आप्पांनी चुटकीसरशी सोडवली. मग आप्पांनी फेटा सारखा केला आणि गायले:

नाही कडी, नाही कुलूप, नाही कुणी पहारेदार,
शंभर वीरांनी ढकललं, हललं नाही दगडी दार;
एकल्या पोरीनं उघडलं, हाती नव्हतं हत्यार,
सांग शाहिरा, पोर ती कशी झाली गं पार?

मंडपात कुजबुज. तुमच्याकडचे पोथ्या चाळायला लागले. एकाने दिवेआगरच्या भटजींना फोन लावला, स्पीकरवर. भटजी म्हणाले, जय-विजयांचं दार असेल, नाहीतर जरासंधाचं, आणि मला जेवू द्या. शेवटी तुमचा एक जण उठलाच. "कोंडाजीशाहीर, ह्ये कंच्या पुराणातलं? आधार सांगा!"

"विलायती पुराण," आप्पा शांतपणे म्हणाले. "आमच्या धाकटीकडं हाय."

मी पुस्तक वर धरलं. असा हशा पिकला, ताई! तुमचे म्हणाले, हे चालणार नाही. आमचे म्हणाले, का नाही? पंच खेडेकर गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं, हुंगलं, पानं बोटाने चोळली. म्हणाले, "पुराण म्हंजे जुनं. कागद पिवळा हाय, वाळवी लागलेली हाय, भाषा कोणाला कळत न्हाय. पुराण मंजूर!"

चहाची सुट्टी झाली. सदाकाका स्कूटरवर बसले आणि घराकडे गेले. ते सगळ्यांनी बघितलं. आमची पोरं टाळ्या देत होती, "शाहीर पळाले!" आप्पा मात्र रस्त्याकडे तोंड करून उभे होते. कपातला चहा गार झाला तरी त्यांना पत्ता नाही. मला वाटलं, वय झालं.

तू येणार नव्हतीस, हे मला माहीत होतं. "ती जिथं बसंल तिथं मी गाणार न्हाय," हे आप्पांचं सहा वर्षांपूर्वीचं वाक्य तू आजवर पाळलंस. आणि मी तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भजी खात होते.

सदाकाका परतले. ढोलकी वाजली. ते गायले:

ढकलाल तितकं घट्ट बसंल, अशी त्याची तऱ्हा न्यारी,
बाहेरच्या अंगाला उघडतं, अन् वीर उभे दारी;
पोर सरली पाऊल मागं, मोकळी केली जागा सारी,
आपसूक उघडलं दार, शाहिरा, हीच उकल खरी!

माझ्या हातातली भजी खाली पडली. हे पुस्तकात नाही. जगातल्या कुठल्याच पुस्तकात नाही. हे कणगीमागचं आहे, नववीतल्या एका मुलीने धाकट्या बहिणीने जेवावं म्हणून रचलेलं.

तेवढ्यात गुरुजी माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. पुस्तकात काय लिवलंय?"

आता ताई, इथे मला थांबून दुसरं काहीतरी सांगितलं पाहिजे. पत्राच्या सुरुवातीपासून मी ते टाळत आलेय, तुझ्या लक्षात आलंच असेल. सहा वर्षांपूर्वी तू नवरात्रानंतर आप्पांना ओंकारबद्दल स्वतः सांगणार होतीस. नीट, शांतपणे, आईला बाजूला बसवून. त्याआधीच कुणीतरी सांगितलं, तेही सामन्याला निघताना, साऱ्या मंडळींसमोर. तुला वाटलं असेल बोर्लीच्या बाजारात कुणी तुम्हाला बघितलं. कुणी बघितलं नव्हतं. मी सांगितलं. तू मला सोडून चालली होतीस, आणि तीही तुरेवाल्यांकडे, याचा मला इतका राग आला होता की तोंडातून खरं बाहेर पडलं. मग आप्पा दारात आडवे उभे राहिले, तरी तू निघून गेलीस आणि मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणून तू ब्लॉक केलंस. आधी मी बोललेही होते, हे तुला कधी कळलंच नाही. माझं चुकलं, ताई. फार चुकलं.

तर मंडपात सगळे माझ्याकडे बघत होते. आमची पोरं तर आशेने. "न्हाय" म्हटलं असतं तर अकरा वर्षांची जीत बारा झाली असती, आणि ते खरंही होतं, माझ्याकडे चाळीस पानं आहेत. मी आप्पांकडे बघितलं. आप्पा खाली बघत होते.

मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बरोबर हाय. अक्षरशः हेच लिवलंय."

हे माझ्या गाईडबाईंना कधी कळू देऊ नकोस.

आणि मग आप्पांनी काय केलं, ते सदाकाकांनी तुला सांगितलं का? रिंगणात कधी तसूभर मागे न हटलेला तो माणूस एक पाऊल मागे सरला. एकच. आणि सदाकाकांना मधली जागा दिली. लोकांना वाटलं, हार मानली. तुरेवाल्यांनी गुलाल उधळला तो आप्पांच्याही फेट्यावर पडला, आणि आप्पा हसत होते. दात दिसेपर्यंत! मी ते दात विसरूनच गेले होते.

परत येताना जीपमध्ये आमची पोरं तोंड पाडून बसलेली, आणि हरलेला शाहीर गुणगुणतोय. मला राहवेना. म्हटलं, आप्पा, खरं उत्तर मी तुम्हाला जुलैतच सांगितलं होतं.

"व्हय," आप्पा म्हणाले. "ते पुस्तकातलं. मी पुस्तकाला न्हाय इचारलं, पूनमला इचारलं. सहा वर्सं झाली, कसं बोलायचं तिच्याशी? मला गाऊनच येतं." मग फेट्यावरचा गुलाल झटकत, "तिनं ओळखलं बग. आन् सदाला सांगितलंन पन."

सगळ्या जीपदेखत मी भोकाड पसरलं. पोरांना वाटलं, हरल्याचं दुःख.

रात्रभर विचार केला नाही, छान झोपले. सकाळी उठून आप्पांना मीच सांगितलं की तेव्हा चुगली करण्यात माझा हेतू काय होता. ते म्हणाले, "तू नुसतं सांगितलंस. दारात आडवा मी झालो." एवढंच. आई चुलीपाशी बसून मोठमोठ्याने नाक शिंकरत होती.

आता कामाचं. आजपासून पितरांचा पक्ष लागला, त्यात माहेरवाशीण आणत नाहीत, आई ऐकायची नाही. म्हणून घटस्थापनेच्या दिवशी, सोमवारी २२ तारखेला, तुला न्यायला मुराळी येतोय. भाऊ नसलेल्या घरातून मुराळी म्हणून मी निघाले होते, तर आप्पा म्हणाले, "तू कशाला? मी जातो." सदाकाकांना सांगून ठेव, शक्तीवाला त्यांच्या अंगणात उभा राहील, काही ढकलणार नाही. आणि चहा गोड ठेवायला सांग, डॉक्टरांचं ऐकू नका.

तू ये. मला मारायचं असेल तर मार, पण ये.

आप्पांनाही एक ओळ लिहायची होती. अर्धा तास पेन घेऊन बसले आणि शेवटी मलाच म्हणाले, लिही. म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे: "प्राप्तीच्या पायाचं माप पाटव. चाळ ओवायला घेतलाय. सदाला म्हनावं, भिऊ नको, चाळ एकाच पायात बांधतात. दुसरा पाय तुमचा."

तुझा शेवट खरा मानणारी,
तुझी चुगलखोर
राही