बारकी मादी

४ नोव्हेंबर, मुरूम
सकाळीच समीनाचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी, आता अंदमानात नोकरीला. "मॅडम, शुक्रवारी लेख पाठवूया ना?" पाठवूया, म्हटलं. लेख तिच्या बेटावरच्या एका पतंगावर, हॉकमॉथवर. आमच्याकडं तिळावर येतो त्याचाच भाऊबंद, पाठीवर कवटीची खूण, पण बराच लहान नि फिका. नवी जात! नर एकच मिळाला, तोही झिजून चिंध्या झालेला. सगळी भिस्त तिनं मागच्या वर्षी टपालानं पाठवलेल्या मादीवर.
जातीला माझं नाव द्यायचं म्हणते पोर. नको नको म्हणाले. पण सत्तावीस वर्षं कॉलेजात शिकवलं, मागं ना मूल ना बाळ. किती हवंय ते माझं मला ठाऊक.

५ नोव्हेंबर
मादीची मापं तिसऱ्यांदा घेतली. तीच.
कालचीच भाकरी खाल्ली. वहिनी लातूरला लेकाकडं गेल्याला वर्ष झालं. जाताना "येते, वन्सं" एवढंच. चूक माझी. माझ्या पतंगांच्या पेट्यांना हात लावायचा नाही म्हणून चारचौघांत ओरडले होते त्यांच्यावर. घर आता ठेवलं तसं राहतं. चीड येते.

६ नोव्हेंबर
घात झाला. लेखासाठी बेटाचं नाव उतरवायला मादी ज्यात गुंडाळलेली होती तो जुना कागद काढला. आत चिठ्ठी समीनाच्याच अक्षरातली. पण घडी! पतंगासाठी आम्ही कागद त्रिकोणी दुमडतो. हा चौकोनी, टोक आत खोचलेलं. वहिनी विभूतीची पुडी बांधतात तशी. मादी काढून पिनेवर पंख पसरताना घडी दिसली कशी नाही मला? बघायचंच नव्हतं बहुतेक.
ती मादी आली त्याच पावसाळ्यात मी घरात तिळावरच्या अळ्या वाढवल्या होत्या. मध्येच पेपर तपासायला आठवडाभर धाराशिवला गेले, पाला कमी पडला. एकच मादी निघाली होती. उपाशी राहिलेल्या अळीचा पतंग लहान निघतो. फिकाही.
समीनाला विचारलं, माद्या किती पाठवल्या होत्यास?
"एकच, मॅडम. का?"
सहज, म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
दुपारपर्यंत फोन हातात घेऊन बसले. शेवटी वहिनींना लावला.
"व्हय, म्याच बांधल्या पुड्या. मुंग्या लागल्या व्हत्या. समद्या चिठ्ठ्या खाली पडल्याल्या. तुमी चिडताल म्हनून बोलले न्हाय."
अंदमानची चिठ्ठी कुठल्या मादीला लावली?
"बारकीला."
का पण?
"लई लांबून आल्याली. वाटंत कोन खाऊ घालतंय? उपाशी आसंल, म्हनूनच बारीक."
हसू आलं, मग रडूच आलं. वाटेत उपाशी राहून पतंग बारीक होत नाही, अळीपणी उपाशी राहिला तरच होतो. म्हणजे माझी नवी जात ही आमच्याच घरातली अर्धपोटी अळी. मग मोठी कुठं गेली?
"तुमीच दिली की कॉलेजला, काचंच्या पेटीत लावाया. आनि काय इचारायचं हाय का?"
नाही, म्हटलं. ठेवला.
समीनाला कळवलं, दोन दिवस थांब.

८ नोव्हेंबर
हे फक्त मला कळतं. वहिनींना पुड्या बांधल्याचं आठवतं, त्यानं काय बिघडलं ते नाही. पाठवून दिला लेख तर कोण विचारतंय? लिहायला लाज वाटते, पण तासभर हेच मनात घोळवत होते.
दु. ४. समीनाला मेल केली. मादी बाद. ती आमच्या घरात वाढलेली आहे. नुसत्या झिजलेल्या नरावर नवी जात म्हणायचं धाडस मी करणार नाही. तुझी मादी कॉलेजात असावी. सोमवारी काढून मोजते, मग काय ते ठरेल.
बिचारीनं घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

९ नोव्हेंबर, रविवार
कॉलेज बंद. घरात दिवसभर कुणाशी बोलणं नाही. संध्याकाळी परत लातूरला फोन.
"आता कुठल्या किड्याचं?" वहिनी.
किड्याचं नाही, म्हटलं.
"मंग?"
परत या म्हणायला तोंड उघडेना. मागं त्यांच्या नातवाचा टीव्ही चालू होता.
"वन्सं? ऐकू येतंय न्हवं?"
येतंय, म्हटलं. फोन त्यांनी ठेवला नाही, मीही नाही.