यादीतल्या दोन ओळी

शिळफाटा, खोपोली
१४ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप प्रमोदिनीकाकू यांस,
भाग्यश्रीचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? सकाळी उठल्याबरोबर पाय एकदम खाली टाकू नका, आधी चार वेळा हलवा, हे सांगितलेलं तुम्ही विसरला असणार. माझं बरं चाललंय. नवा दवाखाना खोलीपासून चालत दहा मिनिटं. ट्रक गेला की भांडी वाजतात, पण पाणी दोन्ही वेळ येतं. आयला वाडीवरून इथे आणायचं आहे, म्हणून दोन खोल्यांची जागा घेतली. तिचं डिपॉझिट अर्धंच भरलंय. तुमच्याकडचं आलं की उरलेलं देते, असं इथल्या मालकाला सांगितलं होतं. महिनाअखेरपर्यंत तो थांबेल.

काल अप्पांचं पाकीट मिळालं. माझ्या तीस हजारांच्या डिपॉझिटपैकी पाच हजार सातशेचा चेक आणि कापलेल्या पैशांची यादी.

यादी मी दवाखान्यात उभ्याउभ्या वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. सोबतच्या सिस्टरने पाणी आणून दिलं. तिला वाटलं, घरून काही वाईट बातमी आली. काकू, अक्षर तुमचं होतं. अप्पांचा हात थरथरतो, म्हणून लिहायचं काम तुमच्याकडे असतं, मला माहीत आहे. तरीही. याच गोल अक्षरात तुम्ही मला आमटीच्या मसाल्याचं प्रमाण लिहून दिलं होतं. ते अजून माझ्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे.

नळाचे आठशे. तो नळ मी आले तेव्हापासून गळत होता, सदू प्लंबरकडून मीच दोनदा दुरुस्त करून घेतला, पावत्या आहेत. रंगाचे नऊ हजार. ती ओल गच्चीतून उतरते, मी राहायला आले त्या दिवशीचे फोटो मोबाइलमध्ये आहेत. या दोन्हींबद्दल अप्पांना वेगळं पत्र टाकलंय, फोटो आणि पावत्यांसकट. नेहमीच्या वापराची झीज कापायची नाही, असं करारातच आहे आणि खाली सही अप्पांची आहे.

मग दोन ओळी उरतात. जिन्याचा कठडा, साडेतीन हजार. वास्तुशांती, भाडेकरूकडे मयत झाल्यामुळे, अकरा हजार.

हे लिहिताना तुमचा हात थांबला का?

आज कान्हा रिक्षाचं भाडं घेऊन इकडे आलाय. आमच्या वाडीवरचा, तुमच्या स्टेशनबाहेर रिक्षा लावतो तो. त्याला यादी वाचून दाखवली. तो म्हणाला, "मेला खाली आन् शांती केली वर. भटजीला पत्ता चुकीचा दिलाय की गं, भाग्या." तो हसला, मीही हसले, आणि मग दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. आता तो खाली टपरीवर चहा पितोय, तोवर हे लिहिते. फोन केला तर अप्पाच उचलतात.

ही गोष्ट कधी बोलायची नाही, असं आपलं ठरलं होतं. कागदावर तर नाहीच. पण कागदाची सुरुवात तुमच्याकडून झाली आहे.

ऑक्टोबरातली ती दुपार. माझी ड्युटी दोनपर्यंत होती. छातीत चमका येतात म्हणून बा कान्हाच्या रिक्षातून माझ्याकडे आला. जिना चढवेना म्हणून पहिल्या पायरीवर बसला. तुम्ही त्याला आत घेतलंत. त्या गल्लीत दुसऱ्या कुणी घेतलं नसतं. दोन वर्षांपूर्वी 'आदिवासी वाडीवरची मुलगी कशाला ठेवता' म्हणणाऱ्यांना तुम्हीच गप्प केलं होतं, हेही मी विसरलेले नाही. अप्पा पनवेलला गेले होते. तुम्ही बाला त्यांच्या आरामखुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मला आणायला कान्हाला पाठवलं.

मी आले तेव्हा बा त्या खुर्चीत होता. मी मनगट पाहिलं, मानेपाशी पाहिलं, पुन्हा मनगट पाहिलं. तुम्ही विचारत होतात, "झोप लागली ना गं त्याला?"

मी नाही म्हटलं. तेव्हा तुम्ही आधी दाराकडे पाहिलंत.

"भाग्यश्री, याला वर तुझ्या खोलीत नेऊ या. त्यांच्या खुर्चीत गेला हे त्यांना कळलं, तर ते मला या घरात सुखाने जगू देणार नाहीत. तुझ्या पाया पडते." आणि तुम्ही खरंच वाकलात. तुमचा गुडघा वाकत नाही, तरी वाकलात.

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते अजून समजत नाही. माणसं जाताना मी नेहमी पाहते, पण त्या दिवशी मला काहीच सुचत नव्हतं. कुणीतरी एक काम सांगितलं आणि मी ते केलं. कान्हाने काखांखालून धरलं, मी पाय धरले, तुम्ही पुढे जाऊन दार उघडलंत. चौदा पायऱ्या. जिवंतपणी ज्या त्याला चढता आल्या नाहीत, त्या आम्ही त्याला मेल्यावर चढवल्या. वळणावर कान्हाचा तोल गेला, त्याने कठडा धरला आणि कठडा भिंतीतून सुटून आला. साडेतीन हजार.

माझ्या कॉटवर गेला, असं डॉक्टरांना मीच सांगितलं. आयलाही तेच सांगितलं. आय वाडीवर भेटेल त्याला सांगते, "पोरीच्या हातचं पानी पिऊन गेला. आमाला आनखी काय पायजे?" मी तिथे नव्हते, काकू. पाणी तुम्ही पाजलंत. शेवटी तो काय बोलला, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. मी इतके दिवस विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी तिथे नव्हते हे पक्कं झालं असतं.

मला वाटत होतं, आपण दोघींनी मिळून एक गोष्ट झाकून ठेवली आहे. काल कळलं की ती माझ्या एकटीच्या नावावर आहे. बाने वरच्या खोलीला विटाळ केला, असं त्या कागदावर लिहिलंय. आणि अप्पा रोज सकाळी त्याच खुर्चीत बसून पेपर वाचत असतील. तुम्ही त्यांना तिथेच चहा नेऊन देत असाल.

अप्पांच्या पत्रात मी या दोन ओळींबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. तुम्हाला शब्द दिला होता. यादी सोबत परत पाठवते आहे. नळ आणि रंग मी खोडलेत, बाजूला सही केली आहे. उरलेल्या दोन ओळी तुम्ही लिहिल्यात, त्या तुम्हीच खोडा. अप्पांनी का म्हणून विचारलं, तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

"काकूंच्या हातात देईन, नायतर परत आनीन," असं कान्हा म्हणालाय.

उद्या वाडीवर जाऊन मी आयला सगळं खरं सांगणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघी तुमच्याकडे येऊ. आय पैशांचं बोलणार नाही. पाणी पिऊन झाल्यावर तो काय म्हणाला, एवढंच विचारेल. ती खुर्चीही तिला पाहायची असेल. अप्पा घरी असले तरी येऊ.

गुडघ्याला जपा. आम्ही आलो की उठू नका, वाकू नका. बसूनच सांगा.

तुमच्या वरच्या खोलीतली,
भाग्यश्री