सुपरवायझरचे पांढरे बूट

प्रिय आईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले. बाबांचा खोकला कमी झाला का?

मी काम करते त्या वृद्धाश्रमात इंग्रजीत आजाऱ्याला ‘सिक’ म्हणतात आणि ओकारीलाही ‘सिक’च. “चार नंबरमध्ये सिक!” अशी हाक आली की मी बादली घेऊन धावते.

परवा सुपरवायझर नवे पांढरे बूट घालून आला. स्वयंपाकीण बुटांकडे बोट दाखवून ओरडली, “सिक!” मला वाटलं, ओकारी उडाली. मी गुडघ्यांवर बसून फडक्याने बूट पुसायला लागले. सगळे खो खो हसले. ‘सिक’ म्हणजे झकाससुद्धा, म्हणे!

त्याने दुसरा पाय पुढे केला. “आता हाही पूस.”

आई, मी तोही पुसला. तीन वर्षं लोकांच्या ओकाऱ्या पुसतेय, कधी मळमळलं नाही. त्या स्वच्छ बुटाची मात्र शिसारी आली, आणि माझी स्वतःचीही.

चार नंबरच्या आजींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “पोरी, एखाद्याचा वीट आला तरी ‘सिक’च म्हणतात.”

आज सकाळी फोन करून सुपरवायझरला सांगितलं, “मी सिक आहे, येणार नाही.”

“काय होतंय?”

“तुमचा वीट आलाय,” म्हटलं आणि फोन ठेवला.

उद्या कामावर घेतील की नाही, ठाऊक नाही. बाबांना एवढंच सांग, मजेत आहे.

तुझीच,
धाकटी