टायरच्या चपलेचं निरूपण

चकलांबा, ता. गेवराई
१६ मार्च २०२५

चि. संस्कृती,

तुझ्या बद्रीनाथमामाचा पोटभर आशीर्वाद. आमी इकडं सगळे मजेत हावोत. तुझ्या पुण्यात ऊन कसं हाय? फोन सोडून पत्र कावून, असं म्हणशील. अगं, आपल्या घरात फोन स्पीकरवरच चालतो. तुझी गीतामामी ऐकती, शेजारच्या विमलबाई ऐकतात, आणि दोघी मिळून मधीच तुला लग्नाचं विचारतात. मला जरा खाजगी बोलायचं हाय.

म्हैस व्याली. रेडी झाली. मामीनं खरवस करून गल्लीभर वाटला, मला वाटीभर ठेवला.

तर तुझी गाणी. बिभीषणनं उसाच्या ट्रॅक्टरवर घराएवढे स्पीकर बसवलेत, आणि तीन वर्षं झाली, तुझं ‘दुपारचा पहारा’ लावल्याबिगर त्याचा ट्रॅक्टर जागचा हालत न्हाई. ती तुमच्या बँडची गिटार किंचाळली की मारुतीच्या देवळावरची कबुतरं उडून जातात. पण शब्द समजतात हां! आमच्या पारावर तर लई वाद झाले. गाणं ढोंगी माणसावर हाय, हे सगळ्यांना पटलं. ढोंगी कोण, यावर भांडणं. सरपंच म्हणतो जुना सरपंच, जुना म्हणतो नवा. तुझी मामी म्हणती विमलबाई. विमलबाई काय म्हणतात ते त्यांनी मामीला सांगितलेलं न्हाई. एकाचंही बोट सोताकडं वळंना, हे बघून मला हसू बी आलं आणि घाम बी फुटला.

शेवटी आसाराम मास्तर म्हणले, “बद्रीनाथ, तीस वर्षं सप्त्यात वीणा धरतोस. एवढी कीर्तनं ऐकलीस. तूच कर निरूपण.”

झालं! मला पारावर उभं केलं. बिभीषणनं ट्रॅक्टर बंद केला. मी तुझं कडवं म्हणलं:

गळ्यात माळ, कपाळी गंध,
दुपारी देवाचे डोळे बंद.
वीणा टेकली मातीला, आभाळ नाही फाटलं,
लाल गारेगार चोखत खोटं नरड्यात दाटलं.

मी सांगितलं, मंडळी, सप्त्याची वीणा सात दिवस भुईला टेकवायची न्हाई. दोन तासांचा एकेकाचा पहारा, एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात. ज्यानं ती टेकवली त्यानं देवाचा भरवसा टेकवला. माना डोलल्या. मग मास्तरनं विचारलं, “पर माळ कोनाच्या गळ्यात? गावात माळकरी तर दहाच.”

मी म्हणलं, “माळ म्हंजी वीणाच. तीच गळ्यात असती की.”

संस्कृती, मी हे म्हणलं आणि सगळ्या माना त्रिंबककडं वळल्या. पंधरा वर्षांमागं वीणेची तार तुटली आणि ती वीणा त्रिंबकच्या हातात सापडली, हे गावाला पाठ हाय. माझा शाळेपासूनचा दोस्त. तवापासून त्याच्या गळ्यात कुणी वीणा घातली न्हाई. दर सप्त्यात मंडपाच्या शेवटच्या बांबूपाशी उभा राहून टाळ्या वाजवायचा बिचारा. आता पोरं त्याला बघून तुझं गाणं मोठ्यानं लावतात.

आता गेल्या महिन्यात तुझं नवं गाणं आलं:

देव नाही, देव नाही, गळा फाडून गायले,
मग हा कोण, धावत ज्याने पडलेले उचलले?
टायरची चप्पल पायात, धावताना एक तुटली,
मी पाहिलं होतं सगळं, माझी जीभ नाही सुटली.

यावर तर गाव खूश! मास्तर म्हणतात पोरगी भक्तीला लागली, टायरच्या चपलेत साक्षात पांडुरंग आला. बिभीषण म्हणतो ताई मोठी झाली म्हणून भ्याली. मला पुन्हा निरूपण मागितलं. मी म्हणलं, दाढ दुखती.

त्रिंबकनं ते गाणं पुरं ऐकलं आणि उठून गेला. काल म्हणतो, “बद्री, औंदा मी सप्त्याला येनार न्हाई. टाळ्या घरी बी वाजवता येतात.” सप्ता सहा एप्रिलला बसतो.

एक गोष्ट लिहायला बसलो होतो. म्हशीला रेडी झाली हे लिहिलं का? कपाळावर चांदणी हाय तिच्या. एवढंच विचारतो, त्या सप्त्यात तू नऊ वर्षांची. एवढ्या लहानपणीचं सगळंच काही ध्यानात राहात नसतं, न्हाई का?

तुझा मामा,
वीणेकरी बद्रीनाथ


पुणे
२४ मार्च

मामा,

नमस्कार. रेडी झाली, कपाळावर चांदणी आहे, समजलं! दुसऱ्यांदा लिहिलंत तेव्हाच कळलं की मामा घाबरलाय.

मला सगळं आठवतं. भर दुपार होती, मंडपात चिटपाखरू नव्हतं. तुमचा पहारा होता. समोरच्या दुकानात टीव्हीवर मॅच लागली होती आणि तिथून आरडाओरडा झाला. तुम्ही वीणा खांबाला टेकवलीत, मला “आलोच” म्हणालात आणि पळालात. मग ती बकरी आली. वीणा पडली, तार तुटली. त्रिंबककाका लांबून ओरडत धावत आले, वीणा उचलून पोटाशी धरली, आणि नेमकी तेव्हाच माणसं आली. तुम्ही परत येऊन म्हणालात, “मी तर पहारा त्याच्या गळ्यात देऊन गेलतो.” तुमच्या गळ्यात माळ होती, त्यांच्या नव्हती. गावानं तुमचं ऐकलं.

आणि संध्याकाळी तुम्ही मला दोन लाल गारेगार दिलेत.

तुम्हाला वाटतं, गाणं तुमच्यावर आहे. थोडं आहेच, खोटं कशाला बोलू? पण लाल गारेगार कोण चोखतंय, याचं निरूपण पारावर केलंत का? ती मी आहे, मामा. ढोंग्यांवर गाणी म्हणत राज्यभर फिरले, हजारो पोरं माझ्याबरोबर ओरडली, आणि ज्या एका माणसासाठी तोंड उघडायला हवं होतं त्याच्यासाठी गप्प बसले. वर माझ्याच गाण्यानं त्याला छळलं. तुमचं पत्र वाचून मी रडले आणि मग स्वतःलाच चार शिव्या दिल्या.

देवाचं विचाराल तर खरंच माहीत नाही. त्या दिवशी वीणा पडली आणि काहीच झालं नाही, म्हणून देव नाही असं मी ठरवलं होतं. आता ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं की कुणीतरी धावत येताना दिसतं. मास्तरांना सांगा, भक्ती वगैरे नाही, फक्त एवढंच.

मी बारा तारखेला येतेय. तोवर तुम्ही सांगितलं नसेल तर मी सांगेन, आणि माझंही सांगेन. पण मामा, तुम्हीच सांगा ना. तुम्ही मला सायकल शिकवलीत, विहिरीत पोहायला शिकवलंत. माझा मामा भित्रा आहे हे मला गावासमोर म्हणायला लावू नका.

तुमचीच,
संस्कृती


चकलांबा, सप्त्याचा मंडप
८ एप्रिल

माझ्या वाघिणीस,

आशीर्वाद नंतर. आधी ऐक, काय फजिती झाली!

तुझं पत्र पंधरा दिवस बंडीच्या खिशात घेऊन फिरलो. भाकर गोड लागंना, झोप येईना. मामी म्हणली, “दाढ उपटून तरी टाका!” सप्ता बसला. काल एकादशी होती हे लिहिणार होतो, पण काल एकादशी नव्हती, आज हाय. बघ, अजून बी तिथी चुकतोय.

तर आज दुपारी बाराचा पहारा माझा. मी ठरवलं, मंडपात टाळकरी आठ-दहाच असतात, त्यांच्यापुढं हळूच सांगून टाकावं, मग ते गावाला सांगतील, तवर मी घरी जाऊन पांघरूण घेईन. वीणा गळ्यात. म्हणलं, “मंडळी, त्या साली वीणा त्रिंबकनं न्हाई, मी टेकवली होती.” एकदा तोंड उघडलं की मग थांबवंना गं. टीव्हीवरची मॅच सांगितली. बकरी सांगितली. माळेच्या जोरावर खोटं बोललो, ते सांगितलं. नऊ वर्षांच्या भाचीला गारेगार देऊन गप्प बसवलं, पारावर माळेचं निरूपण मुद्दाम फिरवलं, सगळं सांगितलं. आणि भरात येऊन हे बी सांगितलं की त्या दिवशी बी एकादशीच होती आणि दुकानात मी गरमागरम भजे हाणले.

टाळकरी माझ्याकडं न्हाई, वर बघत होते. मी बी वर बघितलं. भोंगा चालू! सकाळच्या पारायणापासून माईक कुणी बंदच केला नव्हता, आणि तो माझ्या तोंडापुढं. बाजरीच्या शेतापासून बसस्टँडपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

पहिली तुझी मामी आली. हाताला पीठ तसंच. “एकादशीला भजे?” एवढंच म्हणली. बाकीचं पाप तिला चालंल, भजे न्हाई. तिच्यामागं विमलबाई, सरपंच, जुना सरपंच, मास्तर. मास्तरनं चष्मा काढला आणि पुसत बसले. मी खाली मान घालून उभा. वीणा तेवढी टेकवली न्हाई.

आणि मग वाटेनं धूळ उडाली. त्रिंबक. साठीचा माणूस, शेतातून धावत आला, पायात तीच टायरची चप्पल. मंडपाच्या शेवटच्या बांबूपाशी थांबला, सवयीनं. मला वाटलं आता हा मला बुकलणार, आणि देवाशप्पथ, मी गाल पुढं केला असता.

तो दम खात म्हणला, “काय बे बद्री. पंधरा वर्सं लागली तुला परत यायला. ती मॅच कोन जिंकली?”

मंडप असा हसला की माझं रडू त्यातच वाहून गेलं. मी चालत गेलो आणि शेवटच्या बांबूपाशीच त्याच्या गळ्यात वीणा घातली. तार छेडली त्यानं, आणि तोंडातून देवाचं नाव निघंना. मग मी म्हणलं, मग सगळ्यांनी म्हणलं, मग त्यानं म्हणलं.

सरपंचांनी विचारलं, “बद्रीनाथला काय सजा?” त्रिंबक म्हणला, “त्याला टाळ द्या. माझ्या शेजारी उभा करा. नजरंपुढं असलेला बरा.”

आता चार वाजलेत. त्याचा पहारा दोनलाच संपला. पुढचा माणूस दोनदा येऊन गेला, पण हा म्हणतो, “अजून जरा राहू दे.” कुणी काही म्हणत न्हाई. मी त्याच्या पायाशी बसून हे लिहितोय, टाळ मांडीवर. बिभीषणचा ट्रॅक्टर आत्ताच गेला. तुझं नवं गाणं लावलं होतं, पण मंडपापाशी आल्यावर बंद केलं आणि हात जोडले. देवाला जोडले का त्रिंबकला, ते विचारलं न्हाई.

त्रिंबकचा निरोप हाय. एक, गाण्यात दुरुस्ती कर. चप्पल तुटली नव्हती, नुसता तिचा अंगठा निघालता, त्यानं तो घरी बसवला. दोन, बारा तारखेला येताना तीन लाल गारेगार आण. पुण्याहून न्हाई गं, आपल्या बसस्टँडवरून. एक तुला, एक मला, एक त्याला. या खेपेला गप्प बसायला न्हाई, बोलत बोलत खायला.

तुझं ते ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं की कुणीतरी धावत येतं, ते मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं वीणा तेवढी जरा घट्ट धरली.

तुझा मामा,
टाळकरी बद्रीनाथ
(वीणेकरी त्रिंबकराव यांच्या शेजारी)