शिडीचा निकाल

प्रिय छोटे,

आधी तक्रार. आमच्या सीमानाक्यावरच्या पंख्यानं मान हलवणं बंद केलंय, आणि अडकलाय तोही नेमका शेजारच्या देशाच्या टेबलाकडे तोंड करून. एका खोलीत दोन देश बसवले की असं होतं. इकडे मी घामानं निथळतो, आणि तिकडचा, म्हणजे आता तुझ्या देशाचा, कारकून आमच्या सरकारी विजेवर गार होऊन जांभया देतो. इतका वारा रोज विनाशुल्क सीमेपार जातो, कुणाला फिकीर नाही. वर कळवलं, तर उत्तर आलं: नाकाच बंद होणार, पंखा कसला दुरुस्त करता?

बंद होईल नाही तर काय. ट्रक थांबतच नाहीत. चालक हात तेवढा करतात, गल्लीतल्या म्हाताऱ्याला करावा तसा. या सगळ्याला तुझा नवरा जबाबदार, असं मी इथं सगळ्यांना सांगत आलो. रागानं की अभिमानानं, ते आता आठवत नाही. मेहुणे जाऊन चार महिने झाले. तुझी वहिनी विचारते, रडलात का एकदा तरी? नाही. दात काढताना सुई मारल्यावर गाल कसा आपलाच असून आपला नसतो, तसं चाललंय. टेप खिशात घालून कामावर जातो, मोजायला काही नसतं, परत येतो.

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘दादा, तिकडे आले तर पेन्शन बंद, इकडे राहिले तर मीच बंद.’ विधवेनं सीमा ओलांडली की तिकडची पेन्शन थांबते, नियमच तसा. माझ्या नोकरीचा भरवसा नाही हे तुला ठाऊक, म्हणून तुझे आढेवेढे. वरची खोली वहिनीनं केव्हाच झाडून ठेवलीय.

मेहुण्यांच्या शिड्यांचा पहिला ट्रक मीच अडवला होता. आपल्या नियमापेक्षा पायऱ्यांमधलं अंतर दोन बोटं जास्त. ते म्हणाले, ‘दादा, सीमा ओलांडली की माणसाचे पाय आखूड होतात का?’ मी म्हटलं, नियमाला पाय नसतात. ते तडक दोन्ही देशांच्या सामाईक न्यायालयात गेले, आणि सरकारचा साक्षीदार म्हणून मीही. न्यायाधीशबाईंनी विचारलं, ‘तुम्ही या शिडीवर चढून पाहिलंत?’ म्हटलं, ‘नाही. तपासणीत चढणं येत नाही.’ अख्खं कोर्ट हसलं. केस तिथंच संपली, निकालाला मात्र तीन वर्षं लागली. तिकडे जे रीतसर विकलं जातं, ते धोका दाखवल्याशिवाय इकडे अडवायचं नाही, एवढाच निकाल. मग त्याचं बोट धरून रंगाचे डबे आले, चष्मे आले, पुढं नर्सबाईंची प्रमाणपत्रं. दर खेपेला आमचे साहेब म्हणायचे, आता बस, याच्यापुढे नाही. आणि दर खेपेला आमच्या खोलीतलं एक टेबल उचललं जायचं.

काल आणखी एक निकाल आला. कुणा बेकरीवाल्याच्या विधवेनं दावा लावला होता. तिकडे राबून कमावलेली पेन्शन माणूस किंवा त्याची विधवा इकडे राहिली तरी द्यावीच लागेल, म्हणे. सगळा वाचून काढला, दुसरं काम नव्हतं. मधेच एका पानावर आधार म्हणून शिडीचा खटला दिलाय, मेहुण्यांच्या पूर्ण नावानिशी. ते पान दोनदा वाचलं. काही वाटलं नाही. घरी येऊन वहिनीला सांगितलं, छोटी येतेय, तर ती म्हणाली, आवाजाला काय झालं तुमच्या? तेव्हा ये. गाडी कधीची ते फक्त कळव.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण सोबत एक पेन पाठवायचं होतं. साक्षीवर सही करताना माझं उमटेना, तेव्हा समोरच्या बाकावरून मेहुण्यांनी स्वतःचं पुढे केलं, त्यांच्याच विरुद्धच्या साक्षीसाठी. ते माझ्याकडेच राहिलं. नवी रिफिल घातलीय. चांगलं उतरतं.

तुझाच, अजून तरी नोकरीत असलेला,
दादा